विचारा तर खरं : आयर्लंडचे 'क्युअर'वाले आणि आपले औषध देणारे

गेल्या अंकात एका वाचकाने विचारलं होतं की पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेल्या, माणसाचा पाय लागला की उसण जाते हे खरं का, आणि त्याला उत्तर देताना मी जाता जाता लिहिलं की जन्मावरून हातगुण मिळतो ही समजूत फक्त आपल्याकडची नाही, तिकडे आयर्लंडमध्ये सातव्या मुलाला असंच मानतात, आणि अशा हातगुणाला तिथे 'क्युअर' म्हणतात. त्या एका वाक्यावर एवढी पत्रं आली, मेसेज आले, दोघातिघांनी तर फोनच केले, म्हणून या वेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय. मी डॉक्टर नाही, कॉलेजात बॉटनी शिकवली आणि कोकणातली झाडं आणि लोकांची औषधं याच्या मागे आयुष्यभर फिरले, त्यामुळे जिथे डॉक्टरचं काम आहे तिथे तसं सरळ लिहिणार.

देवगडहून एक आई : माझी मुलगी आयर्लंडला स्लायगोजवळ नर्स आहे. परवा तिला कमरेला नागीण उठली. तिच्यासोबतची आयरिश बाई म्हणते गोळ्या घेच, पण आमच्या गावात एक शेतकरी आहे त्याच्याकडे नागिणीचा 'क्युअर' आहे, तिथेही जाऊन ये. मुलगी मला विचारते जाऊ का. इकडे सासूबाई म्हणतात दोन तोंडं जुळली तर पोरगी हातची जाईल. मला झोप नाही.

ताई, आधी सासूबाईंच्या भीतीचं बोलू. नागिणीची तोंडं जुळली की माणूस जातो हे आपल्याकडे घरोघरी म्हणतात, आणि तुम्हाला नवल वाटेल, आयर्लंडमध्येही अगदी हेच म्हणतात, कमरेभोवती पट्टा पूर्ण झाला की संपलं. दोन्हीकडे लोकांनी नीट पाहिलेलं आहे की हे पुरळ पट्ट्यासारखं सरकतं, फक्त पुढचा निष्कर्ष चुकला. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या की त्यांचा विषाणू मज्जातंतूच्या मुळाशी झोपून राहतो आणि वर्षानुवर्षांनी एखाद्या तंतूच्या वाटेने बाहेर येतो. तो तंतू शरीराच्या एकाच बाजूचा असतो, पाठीच्या मणक्यापासून निघून पोटाच्या मध्यावर संपतो, म्हणून पुरळ तिथेच थांबतं. तोंडं जुळत नाहीत ताई, ती जुळायची वाटच नसते. फार क्वचित दोन्ही बाजूंना उठते, ती प्रतिकारशक्ती खूप कमी झालेल्यांना, आणि तेव्हाही जीव जुळण्याने जात नाही, मूळ आजार सांभाळावा लागतो.

आता घाई कशाची ते. नागिणीच्या विषाणूवरच्या गोळ्या पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाल्या तर जास्त उपयोग होतो. मुलगी नर्स आहे, तिला हे माहीत असणारच, पण तुम्ही आई म्हणून फोनवर हेच पहिलं विचारा, गोळ्या कधी चालू केल्यास. डोळ्याजवळ किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड आले तर त्याच दिवशी डोळ्याचा डॉक्टर, उद्यावर टाकायचं नाही. आणि ज्यांना कांजिण्या आलेल्या नाहीत अशा गरोदर बायांपासून आणि तान्ह्या बाळांपासून लांब राहायचं.

एवढं झाल्यावर ती त्या शेतकऱ्याकडे गेली तर जाऊ दे. तिकडे बहुतेक तीन खेपा करायला सांगतात, तो प्रार्थना म्हणेल, हात फिरवेल, कदाचित काही लावायला देईल. लावायचं असेल तर फुटलेल्या फोडावर नको. आपल्याकडे दुर्वा आणि तांदूळ वाटून लेप देतात, गेरू लावतात, तसं तिथे घरपरत्वे काही काही असतं. जुन्या काळी तर किओ आडनावाच्या माणसाचं रक्त नागिणीवर लावायचे! असलं काही कुणी आजही सुचवलं तर मात्र साफ नाही म्हणायचं, रक्तातून काय काय पसरतं हे तिला मी सांगायला नको. बाकी, परक्या देशात एकट्या पडलेल्या मुलीला कुणी आपल्या गावच्या माणसाकडे हाताला धरून नेतंय, ही गोष्ट माझ्या मते लहान नाही. दुखणं सोसायला माणूस लागतं.

एक तेवढं सांगून ठेवा, त्याला थँक्यू म्हणू नकोस आणि पैसे पुढे करू नकोस. का ते पुढच्या उत्तरात.

चिपळूणहून एक निवृत्त पोस्टमन : 'क्युअर असलेला माणूस' म्हणजे नक्की कोण? आपल्या वैदूसारखा फिरता की मांत्रिक? आणि ते येतं कुठून?

फिरता नाही आणि मांत्रिकही नाही. शेतकरी, दुकानदार, शाळेतली बाई, गॅरेजवाला, कुणीही. त्याच्याकडे एकाच दुखण्याचा क्युअर असतो, भाजल्याचा किंवा गजकर्णाचा किंवा मुरगळल्याचा, आणि त्यापलीकडे तो स्वतःला वैद्य वगैरे समजत नाही. आपल्याकडे कसं, अमक्या वाडीत कावीळ उतरवतात, तमक्याकडे हाड बसवतात, बाकी तो माणूस आंब्याला फवारणी करत असतो, तसंच.

येतं कुठून याच्या वाटा बऱ्याच. सगळ्यात मोठा मान सातव्या मुलाला, मध्ये मुलगी न होता ओळीने सातवा मुलगा, आणि त्याचा बापही सातवा असेल तर विचारूच नका. बाळ असतानाच त्याच्या मुठीत गांडूळ ठेवायचे, ते मेलं तर हाताला गुण आहे असं समजायचे. ज्या मुलाने बापाचं तोंड पाहिलं नाही, म्हणजे बाप जन्माआधीच गेला, त्याने तान्ह्याच्या तोंडात फुंकर घातली की तोंडातलं पांढरं जातं असं मानायचे. जिचं माहेरचं आणि सासरचं आडनाव एकच, तिच्या हातचा पाव डांग्या खोकल्यावर. भाजल्याचा क्युअर तर ज्याने सरड्याच्या पोटावरून जीभ फिरवली त्याच्या जिभेत. मुरगळल्यावर गाठी मारलेला दोरा बांधायचा, हे आपल्याला काही वेगळं वाटू नये, आपल्या मनगटावर काय कमी दोरे असतात! आणि पुष्कळदा क्युअर घराण्यात चालत येतो, काही घरांत तो बाईकडून पुरुषाकडे आणि पुरुषाकडून बाईकडे असा आडवा द्यायचा असतो, शब्द कुणाला कळू द्यायचे नाहीत.

पैसे न घेणं हा सगळ्यात पक्का नियम. देणगी आहे ती देवाची, तिची किंमत केली किंवा आभार मानले तरी गुण जातो म्हणतात. लोक मग नंतर कधी अंडी, चहाची पुडी असं काहीतरी दारात ठेवून येतात, बोलत नाहीत. मालवणात एका म्हातारबाबांना मी झाडाचं नाव विचारलं तेव्हा ते म्हणाले होते, "नाव सांगलंय तर गुण जातलो." तिकडे पैशाने जातो, इकडे नावाने जातो.

याच्याही मागे मोठा इतिहास आहे. मध्ययुगात आयर्लंडमध्ये वैद्यांची पिढीजात घराणी होती, सरदार त्यांना जमिनी देऊन ठेवायचे. हिकी हे आडनाव ज्या आयरिश शब्दावरून आलं त्याचा अर्थच बरं करणारा, म्हणजे आपल्याकडचं वैद्य आडनावच की. इंग्रजांच्या काळात ती सरदार घराणी मोडली, वैद्यांचा आधार गेला, आणि गरिबाला डॉक्टर परवडण्याचा प्रश्नच नव्हता, मग गावात ज्याला जे येतं तेच औषध. क्लेअर परगण्यात फीकल गावाजवळ बिडी अर्ली नावाची बाई होती, १८७४ ला वारली, तिच्याकडे एक निळी बाटली होती आणि त्यात बघून ती दुखणं सांगायची असं लोक म्हणत. १५८६ च्या जादूटोण्याच्या कायद्याखाली १८६५ मध्ये तिच्यावर आरोप ठेवला पण साक्ष द्यायला माणूस मिळेना, असं सांगतात. पाद्र्यांचा तिच्यावर राग, लोकांची मात्र रीघ. मला ती जादूगार वाटत नाही, झाडपाला जाणणारी आणि माणूस ओळखणारी बाई वाटते, अशा बाया आपल्या प्रत्येक गावात होत्या.

रत्नागिरीहून : भाच्याने आयर्लंडहून वाळलेल्या समुद्री शेवाळाचं पाकीट आणलंय, खोकल्यावर चांगलं म्हणतो. खायचं कसं? वास घेतला तर जेटीवर उभं राहिल्यासारखं वाटतं.

हे कॅरागीन. ओहोटीला खडकावरून काढतात, ताजं असताना जांभळट लाल, मग उन्हात वारंवार भिजवून वाळवलं की पिवळट पांढरं होतं. पाण्यात दहा-पंधरा मिनिटं भिजवा, दोनतीनदा चोळून धुवा म्हणजे वाळू आणि वास दोन्ही जाईल. मग छोटी मूठभर, सातआठ ग्रॅम, पाऊण लिटर दुधात मंद आचेवर वीसेक मिनिटं उकळा आणि गाळा. गरम प्यायलं तर घशाला बुळबुळीत थर बसतो, म्हणून कोरड्या खोकल्यात बरं वाटतं, आणि थंड केलं तर चायना ग्राससारखं थिजतं. साखर वेलची घाला, तिकडे लिंबाची साल घालतात. यातून निघणारं कॅरागीनन आइस्क्रीममध्ये आणि टूथपेस्टमध्येही असतं, तेव्हा तुम्ही ते आधीच खाल्लेलं असण्याची शक्यता आहे. थायरॉइडचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, समुद्री शेवाळात आयोडीन असतं. आणि खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला तर दूध बाजूला ठेवून थुंकी तपासून घ्यायची.

मालवणहून : आमच्याकडे देवळाजवळची माती कपाळाला लावतात, जखमेवरही लावतात. मुलगा म्हणतो अडाणीपणा. आयर्लंडमध्ये म्हणे मातीतून औषध सापडलं? खरं असेल तर त्याला दाखवायचंय.

सापडलं हे अर्धं खरं आहे, आणि दुसरा अर्धा भाग जास्त महत्त्वाचा आहे, म्हणून मुलाला आणि तुम्हाला दोघांनाही हे उत्तर.

उत्तर आयर्लंडमध्ये फरमॅना परगण्यात बोहो नावाचं गाव आहे. तिथल्या चर्चच्या आवारात जेम्स मॅकगर नावाच्या फादरची कबर आहे, हे १८१५ मध्ये वारले. जिवंत असताना ते लोकांना बरं करायचे आणि जाताना म्हणाले म्हणे, की मी जे बरं करत होतो ते माझ्यावरची मातीही करेल. तेव्हापासून लोक चमचाभर माती घेतात, कापडात बांधतात, उशाखाली ठेवतात आणि चौथ्या दिवसाच्या आत परत त्याच जागी नेऊन टाकतात. परत करणं सक्तीचं! मला ही अट फार आवडली, दोनशे वर्षं लोक माती नेतात आणि माती तेवढीच राहते.

मग त्याच भागात मोठा झालेला एक शास्त्रज्ञ, गेरी क्विन, त्याला वाटलं बघू तरी या मातीत काय आहे. वेल्समधल्या स्वान्सी विद्यापीठात काम झालं, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. मातीत स्ट्रेप्टोमायसीस जातीचा एक नवीन जिवाणू मिळाला, आणि आज हॉस्पिटलांत जे हट्टी जंतू ॲंटिबायोटिकला दाद देत नाहीत त्यातल्या काहींची वाढ त्याने प्रयोगशाळेत रोखली, एमआरएसए नावाच्या हट्टी जंतूची सुद्धा. यात चमत्कार नाही, याच कुळातल्या जिवाणूपासून १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिन मिळालं होतं, टीबीवरचं पहिलं परिणामकारक औषध. पाऊस पडल्यावर मातीचा जो वास आपल्याला येतो ना, तोही याच मंडळींचा.

पण बघा, प्रयोगशाळेतल्या काचेच्या ताटलीत जंतू थांबले म्हणजे औषध तयार झालं नाही, आणि बोहोचे लोक ती माती जखमेत भरत नव्हते, कापडात बांधून उशाखाली ठेवत होते. मातीत उपकारक जिवाणू असतात तसेच धनुर्वाताचेही असतात. तेव्हा कपाळाला खुशाल लावा, श्रद्धा आहे तुमची, जखमेवर नाही. आणि बाळाच्या नाळेला माती, राख, शेण काही म्हणजे काहीही लावायचं नाही, यात माझी विनंती नाही, आग्रह आहे. नाळेतून धनुर्वात होऊन गेलेलं बाळ मी लहानपणी शेजारच्या घरात पाहिलंय, त्या घरातला तो आवाज अजून विसरले नाही.

सावंतवाडीहून एक विद्यार्थी : आयर्लंडमध्ये साप उतरवणारे आहेत का?

नाहीत, कारण तिथे साप नाहीत. संत पॅट्रिकने हाकलले अशी दंतकथा आहे, खरं कारण हिमयुग, बर्फ वितळून समुद्र मध्ये आला तोवर साप तिथे पोचलेच नाहीत. पण यातूनही औषध निघालंच बघ. बीड नावाचा इंग्लंडमधला एक साधू सन ७३१ च्या सुमाराला लिहून गेलाय की आयर्लंडहून आलेल्या पोथ्यांची पानं खरवडून ते पाण्यातून दिलं की साप चावलेला बरा होतो. मंत्र लिहिलेला कागद धुऊन पाणी पाजतात ते आठवलं ना?

आपल्याकडे साप आहेत, त्यामुळे आपल्याला ही चैन परवडत नाही. साप चावला की हातपाय न हलवता सरळ सरकारी दवाखाना, जिथे सापाची लस असते. आणि विंचवाचं म्हणशील तर लाल विंचू कोकणात किती जीव घ्यायचा हे आजीला विचार. महाडला डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी बिरवाडीच्या प्राथमिक केंद्रापासून काम सुरू केलं, एकेका रुग्णाजवळ रात्र रात्र बसून हृदयावर काय होतं ते टिपलं, १९८२ मध्ये ते लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, आणि प्राझोसिन या रक्तदाबाच्या साध्या गोळीने मरणाचं प्रमाण जवळपास ४० टक्क्यांवरून १ टक्क्यावर आलं. तेव्हा विंचू उतरवणाऱ्याकडे नेण्यात एक तासही घालवायचा नाही.

दापोली तालुक्यातून एक शिक्षिका : तुम्ही फोनवर म्हणालात की आयर्लंडमध्ये शाळेच्या मुलांनी औषधं लिहून ठेवली. आमच्या सातवी-आठवीच्या मुलांकडून असं करून घेता येईल का? कसं?

बाई, तुमच्या या एका प्रश्नासाठी मी बाकी उत्तरं जरा आवरती घेतली.

१९३५ मध्ये तिथे लोककथा जमवायला सरकारी आयोग नेमला गेला, आणि १९३७ ते १९३९ या काळात त्यांनी प्राथमिक शाळांच्या वरच्या वर्गातल्या मुलांना कामाला लावलं. २६ परगणे, सुमारे ५,००० शाळा. निबंधाच्या तासाऐवजी मुलांनी घरी जाऊन आजीआजोबांना, शेजाऱ्यांना विचारायचं आणि वहीत लिहायचं, विषय ठरवून दिलेले, त्यात 'गावची औषधं' हा एक. सगळं मिळून ७ लाख ४० हजारांच्या आसपास पानं झाली, ती डब्लिनच्या विद्यापीठात आहेत आणि आता इंटरनेटवर कुणालाही फुकट वाचता येतात. दहाबारा वर्षांच्या पोरांचं अक्षर, शाई सांडलेली, आणि मजकूर काय, तर डांग्या खोकल्याच्या पोराला गाढवाच्या पोटाखालून तीनदा काढायचं, मे महिन्यात तीनदा खाजकुयलीसारख्या आगीच्या पाल्याची भाजी खायची की वर्षभर रक्त चांगलं, चामखिळीवर गोगलगाय चोळून ती काट्यावर लटकवायची, ती वाळली की चामखीळ गेली. (चामखीळ बऱ्याच मुलांची वर्ष-दोन वर्षात आपोआपच जाते, गोगलगाय बिचारी फुकट जायची.) खरं-खोटं ठरवायला कुणी बसलं नाही, आधी लिहून घेतलं. हेच मला त्या लोकांचं थोर वाटतं.

माझी आत्या राजापूरजवळ वाडीत काविळीचं औषध द्यायची. रविवार आणि बुधवार, सकाळी, उपाशी पोटी. मागच्या पडवीत सहाणेवर कसलंसं मूळ उगाळायची, पाठ लोकांकडे करून, पदराने हात झाकून, आणि बकरीच्या दुधातून द्यायची. पैसे नाही, नारळही नाही. मी तेव्हा बॉटनीच्या शेवटच्या वर्षाला होते, दोन वेळा विचारलं, ती म्हणाली वेळ आली की सांगेन. वेळ आली ती तिला पक्षाघात होऊन वाचा गेली तेव्हा. माझा हात धरून परसाकडे बोट दाखवत होती, मी एकेक रोप उपटून तिच्यासमोर नेलं, कुड्याचं, भुईआवळीचं, पुनर्नव्याचं, ती नुसती मान हलवायची, नाही म्हणून. आठ दिवसांनी गेली. काविळीत बहुतेक लोक पथ्याने आणि विश्रांतीनेही बरे होतात, गरोदर बाईला झाली किंवा माणूस गुंगीत जायला लागला तर कुणाच्याही मुळावर विसंबता येत नाही, तेव्हा आत्याचं औषध किती खरं होतं हे मला सांगता येणार नाही. पण ते तपासायची संधीच गेली ना. सर्पगंधा आपल्याकडे पिढ्यानपिढ्या लोक वापरत होते, मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ती रक्तदाबावर तपासून १९४९ मध्ये प्रसिद्ध केली आणि जगभर गेली. कुणाला तरी ते मूळ माहीत होतं, कुणीतरी सांगितलं, म्हणून.

तर तुम्ही असं करा. चाळीस पानी वही, प्रत्येक मुलाला एकच माणूस, घरातला किंवा वाडीतला. दुखणं कोणतं, झाडाचं आपल्या बोलीतलं नाव, कुठला भाग, कसं करतात, वार-वेळ-पथ्य काय, त्यांना कुणी शिकवलं. सगळं त्या माणसाच्याच शब्दात, शुद्ध करू नका, संगमेश्वरीत सांगितलं तर संगमेश्वरीत. जो सांगणार नाही त्याला छळू नका, "नाव सांगत नाही" एवढंच लिहा, ती पण माहितीच आहे. माणसाचं नाव लिहायचं तर त्याला विचारून. झाडाची फुलासकट डहाळी वर्तमानपत्रात दाबून वाळवायची, बाजूला गाव आणि तारीख. तोंडात काही घालायचं नाही आणि काजरा, कळलावी, धोत्रा, कण्हेर याला मुलांनी हात लावायचा नाही, ते तुम्ही स्वतः आणा. सुरुवात पावसाळ्यात करा, तेव्हा टाकळा, भारंगी सगळं वर आलेलं असतं आणि म्हातारी माणसं घरात बसलेली सापडतात.

पहिल्या वह्या भरल्या की झेरॉक्स आणि वाळवलेल्या डहाळ्या सदराच्या पत्त्यावर पाठवा. नावं लावायला मी बसते, आणि काविळीचं कुणी काही लिहिलं असेल तर ती वही सगळ्यात वर ठेवा.